स्टेशनसमोरची बंद हॉटेलं

मागच्या महिन्यात दोन दिवस जळगावला जाऊन आलो. सकाळी स्टेशनातून बाहेर पडलो आणि पाय सवयीने वळले. पंधरा-वीस पावलं गेल्यावर लक्षात आलं की आपण निघालोय ते हॉटेल आता नाही. तिथे मोबाईलच्या काचा बदलून देणारं दुकान आहे. ही काही ताजी बातमी नाही, हॉटेल बंद होऊन बरीच वर्षं झाली. तरी दर खेपेला हेच होतं. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर पॉइंटर अजून जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवतोय आणि मेमरी केव्हाच दुसऱ्याला देऊन टाकलीय.

हॉटेलचं नाव लिहीत नाही. का ते पुढे कळेल.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी एक खुलासा. आमच्याकडे 'हॉटेल' म्हणजे राहायची जागा नव्हे. राहायचं ते लॉज. हॉटेल म्हणजे दाराशी भट्टी, भट्टीवर कढई, काचेच्या कपाटात शेव आणि पेढे, आत सहा टेबलं, भिंतीवर देवांच्या तसबिरी आणि गल्ल्यावर मालक. सकाळी पोहे, कचोरी, भजी. दुपारी राईस प्लेट. चहा कायम. माझ्या आजोबांचं, मग बाबांचं आणि शेवटी माझं, असं तीन पिढ्यांचं एकच टेबल होतं, पंख्याखालचं. मालक उठून येत नसत, पण "काय भो" म्हणत. तेवढं पुरे असायचं.

अशी हॉटेलं का बंद पडली, असं गावात कुणालाही विचारा. उत्तरं ठरलेली आहेत. चव गेली, मुलांना धंद्यात रस नव्हता, भावाभावांत वाटण्या झाल्या. यातलं सगळं थोडं थोडं खरं असेल. पण गेले काही शनिवार-रविवार मी जुनी गॅझेटियरं आणि रेल्वेचा इतिहास चाळत बसलो होतो, आणि माझं मत जरा वेगळं झालंय. ही हॉटेलं चवीवर चालतच नव्हती. ती वेळापत्रकावर चालत होती.

बघा, जळगाव हे मुळात फार जुनं बाजारगाव नाही. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खान्देशात आली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये जळगावची नोंद वाढत्या कापूसपेठेची आहे. १८७० च्या दशकात तिथे खान्देश मिल उभी राहिली. म्हणजे रेल्वे, कापूस आणि गिरणी हे तिन्ही एकाच पिढीत आलं. त्यानंतर गाव घड्याळावर चालायला लागलं. त्याआधी घराबाहेर जेवायची वेळ कुणावर येत होती? यात्रेकरू शिदोरी बांधून निघायचे, पाहुणा पाहुण्याकडे उतरायचा. गिरणीचा भोंगा झाल्यावर मात्र शेकडो माणसं एकदम रस्त्यावर येतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांची घरं दूर खेड्यात असतात. त्यांच्यासाठी खाणावळी निघाल्या, चहाची दुकानं निघाली.

चहाचीही गंमत आहे. चहा हे काही आपलं परंपरागत पेय नव्हे. १९०३ मध्ये सरकारने चहावर उपकर बसवला आणि तो पैसा चहाच्या प्रचाराला लावला. पुढे रेल्वे स्टेशनांवर पाट्या लावून, फुकट वाटून लोकांना चहा शिकवावा लागला. आज आपण ज्याला 'आपल्या नाक्यावरचा चहा' म्हणून डोळ्यांत पाणी आणतो, तो एका यशस्वी जाहिरात मोहिमेचा परिणाम आहे! असो.

भुसावळ तर निव्वळ रेल्वेचं गाव. गाड्यांना डायनिंग कार किंवा पॅन्ट्री नव्हती तेव्हा मोठ्या जंक्शनवर गाडी थांबायची, इंजिन बदलायचं, पाणी भरायचं आणि प्रवासी जेवून घ्यायचे. साहेबांसाठी रिफ्रेशमेंट रूम वेगळी, हिंदूंची वेगळी, मुसलमानांची वेगळी. पाणीसुद्धा 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा आरोळ्या देऊन विकलं जायचं. गाडी जितकी थांबेल तितका धंदा. पुढे वाफेची इंजिनं गेली, थांबे आखडले, डब्यातच जेवण मिळू लागलं. कुणाच्या हातची चव बिघडली नाही, गिऱ्हाईकाला खाली उतरायला वेळच उरला नाही.

धुळ्याची तऱ्हा निराळी. माझं आजोळ धुळ्याचं, त्यामुळे थोडं पक्षपाताने लिहितो. कॅप्टन ब्रिग्जने १८१८ नंतर आखून दिलेलं हे गाव. जुन्या भागात गल्ल्यांना नंबर आहेत, गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. (आमच्यासारख्यांना आवडावी अशी व्यवस्था, फक्त मोजणी शून्यापासून नाही.) मुख्य रेल्वेमार्ग धुळ्याला चुकवून गेला. चाळीसगावहून फाटा आला तो १९०० मध्ये, आणि गाड्या तिथेच येऊन संपतात. म्हणून धुळ्याची हॉटेलं स्टेशनपेक्षा रस्त्याच्या जिवावर वाढली. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते तिथे एकमेकांना छेदतात. गावातल्या मुख्य बाजारपेठेचं नाव अजूनही आग्रा रोड आहे. आज तिथे साड्या आणि भांडी घ्यायला जातात, आग्र्याला जाणारा कुणी तिथून जात नाही. महामार्ग बाहेरून गेला, पुढे चौपदरी झाला. धाबेही त्याच्यामागे सरकले. जे सरकले ते वाचले. गल्लीतल्या खाणावळीला सरकता येत नाही.

आता चवीचं बोलू. इथे मला स्वतःची एक चूक कबूल करायची आहे. इतकी वर्षं मी समजत होतो की ते हॉटेल म्हणजे अस्सल खान्देशी चव. पण तिथे खान्देशी काय मिळायचं? भरीत? कधीच नाही. भरीत हिवाळ्यात शेतावर, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून व्हायचं. कळण्याची भाकरी घरी. डाळ-बट्टी लग्नाच्या पंगतीत. मांडे सणाला, आणि तेही ज्या बाईला खापरावर जमतात तिच्याच घरी. हॉटेलात माणूस जायचा तो घरी मिळत नाही ते खायला. मैद्याची कचोरी, पाव, पुढे डोसा, त्याहीपुढे पनीर. आज शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी हे सगळं 'खान्देशी' पाटीखाली पुण्यात मिळतं आणि मी रांगेत उभा राहून खातो. जे घरचं होतं ते हॉटेलात गेलं, आणि जे हॉटेल होतं ते डोक्यात राहिलं.

त्या कचोरीचा वास आठवतो तो वनस्पती तुपाचा. इथे आमच्या क्षेत्राचा थेट संबंध येतो. २९ डिसेंबर १९४५ ला महंमद हाशम प्रेमजींनी एक कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. कारखाना अमळनेरला, कारण शेंगदाणा तिथे पिकत होता. उत्पादन 'सनफ्लॉवर' वनस्पती. हीच पुढची विप्रो! १९६६ मध्ये वडील गेल्यावर अझीम प्रेमजी शिक्षण सोडून परत आले, आणि ऐंशीच्या दशकात कंपनी संगणकात शिरली. ज्या अमळनेरकरांनी जुने शेअर सांभाळून ठेवले त्यांच्या गोष्टी सगळ्या खान्देशाला पाठ आहेत. ज्यांनी विकले ते त्या गोष्टी सांगत नाहीत. आमच्या आजोबांनी शेअर घेतले नाहीत, कचोऱ्या खाल्ल्या.

१९६५ ची एक आठवण बाबा सांगतात. अन्नटंचाई, त्यात युद्ध. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळी एक वेळ उपास करा म्हणून आवाहन केलं आणि देशभर कितीतरी हॉटेलं सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागली. आमच्या हॉटेलचीही भट्टी त्या संध्याकाळी विझलेली असायची. बाबांना तो सुतकाचा प्रकार वाटायचा.

मग एकेक करून खांब गेले. खान्देश मिल बंद पडली. त्या जागेवर आज खान्देश सेंट्रल नावाचा मॉल आहे. भोंगा नाही म्हणजे पहाटेचं गिऱ्हाईक नाही. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर काढली. पुढच्या सरकारच्या काळात ती योजना गुंडाळली गेली. त्या केंद्रांसाठी कुणी हळहळल्याचं मी तरी वाचलेलं नाही. खरं तर तीही बंद पडलेली हॉटेलंच ना? २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी, आणि ती सावरते तोवर २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटीचा संप, जो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. स्टँडसमोर चहा विकणाऱ्याला हे दोन घाव लागोपाठ म्हणजे फार झालं.

इथवर लेख लिहून झाला होता. नेहमीप्रमाणे टाकण्याआधी एका मित्राला वाचायला दिला. तोही जळगावचा, आम्ही पुण्यात एकाच कंपनीत होतो. त्याने वाचला आणि म्हणाला, "चांगलाय. पण आमचे आजोबा त्या हॉटेलात कधी बसले नाहीत."

मी म्हटलं, का?

"त्यांची कपबशी बाहेर कोनाड्यात असायची. वरून चहा ओतायचे. पिऊन झालं की स्वतः विसळून परत ठेवायची."

मला काय बोलावं कळेना. पंख्याखालचं टेबल, तीन पिढ्या वगैरे मी मोठ्या प्रेमाने लिहिलं होतं.

मग पुन्हा पुस्तकं काढली. डॉ. आंबेडकरांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत खान्देशातला एक प्रसंग सांगितलाय. साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य, आणि खान्देश त्यांच्याकडे होता. धुळ्याच्या मार्गावरच्या एका गावात बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनातून वस्तीत न्यायला टांगेवाले तयार होईनात. शेवटी तडजोड अशी निघाली की टांगा देऊ, पण हाकणार नाही. मग वस्तीतल्याच, हाकायची सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला, पुलाजवळ अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टर, विधिमंडळाचे सदस्य, सरकारी कामावर आलेले. त्यांना टांगेवाला मिळत नव्हता. मग हॉटेलातल्या टेबलाचं काय घेऊन बसलात?

अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषणाला बसले ते मंदिरासाठी, हे आपल्याला शाळेत शिकवतात. पण राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे, ते कुणी शिकवल्याचं मला आठवत नाही. देशाच्या घटनेत हॉटेल हा शब्द यावा लागला. २६ जानेवारी १९५० ला ती लागू झाली, १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध वेगळा कायदा आला, त्यातही हॉटेलप्रवेश आहे. मित्राचे आजोबा सांगतात तो काळ त्यानंतरचा आहे.

म्हणून नाव लिहिलं नाही. मालकांची नातवंडं आज गावात आहेत, भली माणसं आहेत, आणि कोनाडा त्या एकाच हॉटेलात होता असंही नाही. लेख मागे घ्यावा का, असंही मनात आलं. मित्रच म्हणाला, राहू दे, फक्त हेही लिही. त्याचे वडील पुढे सत्तरच्या दशकात त्याच हॉटेलात आत बसून राईस प्लेट जेवायचे आणि त्यांनाही ती आवडायची, हे त्याने नंतर सांगितलं.

रविवारी बाबांना फोन केला. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. कोनाड्याचं विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "होता. पाण्याच्या पिंपामागे. मला वाटायचं, फुटक्या कपबश्या ठेवायची जागा आहे."

मी विचारलं, आजोबांना माहीत होतं का?

"त्यांना सगळं माहीत होतं," बाबा म्हणाले, आणि मग माझ्या तब्येतीची चौकशी करायला लागले.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात जुनी दप्तरं जपून ठेवलेली आहेत, समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितं आहेत. हॉटेलांचं असं काही राहत नाही. दरपत्रकाची पाटी भंगारात जाते, उधारीची वही चुलीत. आजोळच्या गल्लीत एक खाणावळ होती, तिथल्या महिनेवाऱ्या जेवणाऱ्यांची नावं असलेली एक वही मामांकडे आहे म्हणतात. पुढच्या शनिवारी धुळ्याला चाललोय. मिळाली तर बघतो, त्या यादीत कोण कोण आहे आणि कोण नाही.