नंचकचे सहा बाइट

ज्या फोनवर हा भाग ऐकताय किंवा वाचताय, तो जरा आडवा करा. स्क्रीन वळली ना? फोन कसा धरलाय हे त्याला कळतं, कारण आत मसुराच्या दाण्याएवढी एक चिप बसलेली असते. तिचं नाव ॲक्सेलरोमीटर. गुरुत्वाकर्षण कुठल्या दिशेला ओढतंय आणि हात किती जोरात हलला, हे ती सतत मोजत असते. आज आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही. पण १९९०च्या दशकात अशा चिपांचं मोठं काम होतं गाडीतल्या एअरबॅगचं: धडक बसली का, हे ओळखायचं. घरी बसून उद्योग करणाऱ्यांच्या हाती ही चिप स्वस्तात आणि सहज लागली, ती खेळण्यातून.

गोष्ट २००६ सालची. नोव्हेंबरमध्ये निन्टेंडोनं वी हा गेम कन्सोल अमेरिकेत आणला. टेनिस खेळायचं तर बटणं दाबायची नाहीत, रिमोट रॅकेटसारखा फिरवायचा! त्या रिमोटमध्ये ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीचा तीन अक्षांचा ॲक्सेलरोमीटर होता. रिमोटला वायरने जोडायचा एक छोटा जोडीदारही होता, नंचक. डाव्या हातात मावणारा. त्यात अंगठ्याची जॉयस्टिक, सी आणि झेड अशी दोन बटणं, आणि स्वतःचा वेगळा ॲक्सेलरोमीटर. किंमत वीस डॉलर. म्हणजे सेन्सर, जॉयस्टिक, बटणं, हातात नीट बसणारा डबा आणि वायर, सगळं एका पाकिटात. सुट्या भागांतून एवढं जमवायला गेलात तर डब्यापाशीच दमाल.

त्याच सुमारास इटलीतल्या इव्रेया गावात जन्मलेला आर्डुइनो बोर्ड हातपाय पसरत होता. २००५ साली डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी केलेला हा बोर्ड. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या माणसालाही दिवा लुकलुकवता यावा, ही त्यामागची कल्पना. आता प्रश्न एवढाच होता, की नंचकची वायर आर्डुइनोशी बोलेल का?

ती बोलायला एका पायावर तयार निघाली! नंचक आणि रिमोट एकमेकांशी बोलतात आय-टू-सी पद्धतीनं. फिलिप्सनं १९८२ मध्ये काढलेली ही पद्धत टीव्हीच्या आतल्या चिपा जोडण्यासाठी होती. वीजपुरवठा, ग्राउंड, डेटा आणि घड्याळ, अशा चार तारांत काम भागतं. आर्डुइनोला ही भाषा येत होतीच. नंचकचा पत्ता हेक्समध्ये ५२. त्या पत्त्यावर हाक मारली की उत्तरात सहा बाइट येतात.

या सहा बाइटांवर मी फिदा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. पहिले दोन जॉयस्टिकचे, आडवी आणि उभी. पुढचे तीन ॲक्सेलरोमीटरच्या तीन अक्षांचे. पण अक्षाचं माप दहा बिटांचं, आणि बाइटात मावतात आठ. मग प्रत्येक अक्षाचे उरलेले दोन-दोन बिट सहाव्या बाइटात कोंबले. झाले सहा. राहिले दोन, तिथे सी आणि झेड बटणं. एकही बिट वाया नाही. मुंबईच्या लोकलमध्ये चौथी सीट काढतात ना, तसा हिशोब.

यात एक मेख होती. निन्टेंडोनं हा डेटा सरळ न पाठवता एन्क्रिप्ट केला होता. दुसऱ्या कुणी तो वाचू नये, म्हणूनच ना? वीस डॉलर मोजून घेतलेली वस्तू आपला हात कुठे आहे हे सांगते, पण फक्त कंपनीच्या कन्सोलला. लोकांनी तारांवर उपकरणं लावून संभाषण ऐकलं आणि कोडं सोडवलं. सुरुवातीचा ठरावीक संदेश पाठवला की कुलूप इतकं पोकळ होतं, की प्रत्येक बाइटचा २३ शी एक्सॉर करायचा आणि त्यात २३ मिळवायचे, बस्स. पुढे आणखी सोपा मार्ग सापडला: सुरुवातीलाच वेगळे दोन संदेश द्या, एन्क्रिप्शन बंदच होतं.

तरी वायर कापावी लागत होतीच. २००८ मध्ये टॉड कर्ट यांनी त्यावर उपाय म्हणून एक चिमुकलं सर्किट बोर्ड काढलं, वीचक ॲडाप्टर. एक टोक नंचकच्या प्लगमध्ये, दुसरं थेट आर्डुइनोच्या ॲनालॉग पिनांवर. चार आणि पाच नंबरच्या पिना आय-टू-सीच्या. पण शेजारी वीज कुठून आणायची? त्यांनी दोन नंबरची पिन प्रोग्राममधून शून्यावर धरली, तीन नंबरची चालू केली. झालं ग्राउंड, झाला पुरवठा! नंचक वीज इतकी कमी खातो की पिनेवर भागतं. खरं तर तो ३.३ व्होल्टचा आणि पिन देते ५, पण बहुतेकांचे नंचक ते निमूट सोसत राहिले.

माझा नाही सोसला. चूक माझीच. मी घेतला होता बिननावाचा नकली नंचक, आणि इंटरनेटवरच्या रंगांवर विश्वास ठेवून तारा जोडल्या. अस्सल नंचकमध्ये लाल वीज, पांढरी ग्राउंड, हिरवी डेटा, पिवळी घड्याळ. नकलीत रंगांना काही धरबंध नसतो. वास आला तेव्हा कळलं. तुम्ही करणार असाल तर आधी मल्टिमीटर लावा.

रिमोटच्या नाकात आणखी एक ऐवज होता: एकाच वेळी चार इन्फ्रारेड ठिपके टिपणारा कॅमेरा. टीव्हीवर ठेवायच्या ‘सेन्सर बार’मध्ये सेन्सर नसतोच, नुसते इन्फ्रारेड दिवे. दोन मेणबत्त्या ठेवल्या तरी चालतं! कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉनी चंग ली यांनी २००७ मध्ये हा कॅमेरा उलटा वापरला. रिमोट टीव्हीपाशी, दिवे चष्म्यावर. डोकं हलवलं की स्क्रीनवरचं दृश्य खिडकीतून पाहिल्यासारखं बदलायचं.

हेच ली पुढे मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टच्या चमूत गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये किनेक्ट बाजारात आला तेव्हा ॲडाफ्रूट या हौशींच्या दुकानानं त्याचा खुला ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हजार डॉलरचं बक्षीस लावलं. मायक्रोसॉफ्टनं नाराजी दाखवली, तशी रक्कम वाढत तीन हजारांवर गेली. युरोपात विक्री सुरू झाली त्याच दिवशी हेक्टर मार्टिन यांनी ते जिंकलं. काही दिवसांत मायक्रोसॉफ्टचेच लोक रेडिओवर म्हणाले, यूएसबी मुद्दामच उघडं ठेवलं होतं. आणि २०११ मध्ये, कंपनी सोडल्यावर, ली यांनी सांगून टाकलं: त्या बक्षिसामागे मीच होतो.

आता नंचक कुणी फारसं कापत नाही. २००९ मध्ये वी रिमोटला जोडायचा मोशनप्लस आला, त्यात इन्व्हेनसेन्स कंपनीचा जायरो होता. त्याच कंपनीची एमपीयू-६०५० ही चिप आज कॉलेजच्या रोबोटपासून घरगुती ड्रोनपर्यंत सगळीकडे दिसते. तीही आय-टू-सीच बोलते, पत्ता हेक्समध्ये ६८. माझ्या टेबलावर ती जळक्या नंचकशेजारीच पडलीय. पुढच्या भागात तिला आर्डुइनोशी जोडू. तोवर मल्टिमीटर शोधून ठेवा.