तसबिरीचा धनी कोण?

नंदुरबार जिल्हा कागदावर तरुण आहे. १ जुलै १९९८ रोजी तो धुळ्यातून वेगळा निघाला. त्याच्याही आधी हा मुलूख पश्चिम खानदेशात होता आणि १९०६ पूर्वी नुसत्याच खानदेशात. इथला भिल्ल, पावरा, मावची, कोकणी माणूस मात्र कलात्मक छायाचित्रणाचे जुने गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणणेही चूकच, कारण त्याला कोणी विचारलेलेच नसते. शहरातल्या कलादालनात सातपुड्यातला एखादा सुरकुतलेला चेहरा हमखास टांगलेला असतो. खाली नाव असते, ते फोटो काढणाऱ्याचे. ही रीत आली कुठून, याचा माग काढायचा तर आपल्याला आधी मुंबई गाठली पाहिजे.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली आणि पुढच्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिलीसुद्धा. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम छायाचित्रकार. भाऊंचे नाव संग्रहालयाला लागले. नारायणराव मात्र अभ्यासकांच्या तळटिपांत राहिले, याची हळहळ वाटते. त्यांच्याच काळात विल्यम जॉन्सन नावाचा कंपनी सरकारचा एक नोकर मुंबईत हौसेने फोटो काढत होता. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींवरचे त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली निघाले. त्यांतला दुसरा महाराष्ट्रावर आहे. आपण त्यातले एखादे चित्र जवळून पाहू. तेव्हा काचेवर कलोडियनचा थर देऊन तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचाही, असा मामला होता. जॉन्सनने माणसे आपल्या जागी बसवून टिपली, त्यांच्या आकृती वेगळ्या काढल्या आणि कुठल्या तरी देवळाच्या नाही तर तळ्याच्या चित्रावर बसवल्या. नीट निरखले तर ही माणसे जमिनीवर उभी नाहीत, चिकटवलेली आहेत, हे ध्यानात येते. आदिवासी माणसाला त्याच्या जागेवरून उचलून आपल्याला सोयीच्या पार्श्वभूमीवर ठेवायचे, हा पुढे दीडशे वर्षे चाललेला उद्योग इथे अक्षरशः कात्रीने झालेला दिसतो.

१८५७ च्या उठावानंतर हौस मागे पडली आणि सरकारची गरज पुढे आली. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड छापले गेले. साडेचारशेंहून अधिक छायाचित्रे, प्रत्येकाशी जातीचे नाव आणि ही जात भरवशाची की उपद्रवी याचा शेरा. माणसाचे स्वतःचे नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. १८६९ साली लंडनमध्ये लॅम्प्रे नावाच्या गृहस्थाने याहून पुढची पायरी गाठली. लाकडी चौकटीत रेशमी दोऱ्यांचे दोन-दोन इंचांचे चौकोन ताणायचे आणि त्यांच्यापुढे उघड्या माणसाला उभे करून त्याचे माप घ्यायचे. खानदेशाला ही नजर नवी नव्हती. १८२५ साली औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने याच मुलखात भिल्ल पलटण उभी केली, तेव्हापासून कोण कामाचा आणि कोण बंडखोर, याच्या याद्या चालूच होत्या. कॅमेऱ्याने त्या यादीला चेहरा दिला, एवढेच.

मग कोरड्या काचा आल्या, फिल्म आली आणि फोटो स्वस्त झाला. इथे एका विसरलेल्या पूर्वजाची आठवण केली पाहिजे: यात्रेतला पडदेवाला. विमान, मोटार नाही तर ताजमहाल रंगवलेला पडदा टांगून तो बसे. त्याच्यासमोर उभा राहणारा माणूस पैसे मोजून उभा राही. हात कुठे ठेवायचा, घड्याळ दिसले पाहिजे की नाही, हे उभा राहणाराच सांगे आणि तसबीर घरी नेई. कलेच्या इतिहासात या पडदेवाल्याला ओळभरही जागा नाही. माझ्या मते मात्र १९३७ साली मुंबईत निघालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियापेक्षा आपल्या गोष्टीत त्याचे माप मोठे आहे. अशा संस्थांच्या सलोन-स्पर्धांनी धूर, तिरपे ऊन आणि म्हातारा चेहरा यांचे एक सुबक मिश्रण रूढ केले. ते अजून पुसले गेलेले नाही.

छायाचित्रकार सुनील जाना यांनी मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांच्यासोबत देशातल्या आदिवासी मुलखांत हिंडून फोटो काढले. त्यांत माया आहे, पण घडीव सौंदर्याचा सोसही आहे. १९९० च्या दशकात नर्मदाकाठी कॅमेऱ्याला वेगळेच काम पडले. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली या जिल्ह्यातली ३३ गावे येत होती. त्यांतल्या मणिबेलीत पाणी शिरले, तेव्हा फोटो हा पुरावा झाला. आणि २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना देशातले पहिले आधार कार्ड मिळाले. सरकारने पुन्हा चेहरा टिपला होता. या खेपेला नाव आणि बारा आकडी नंबर जोडून.

या सगळ्या वाटचालीला उत्तर आले ते जिल्ह्याबाहेरून, जव्हारहून. तिथल्या कोकणा आणि वारली वस्त्यांत बोहाड्याची सोंगे असतात, कागदाच्या लगद्याचे देवादिकांचे मुखवटे असतात. दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१५ पासून सुभाष आणि भगवान धर्मा कडू या मुखवटेकार भावांना आणि त्यांच्या सोबत्यांना नवे काम सांगितले: देवांचे नको, आजच्या जगण्याचे मुखवटे करा. मग आजारी माणूस, साप, टीव्ही, मोबाइल यांची तोंडे तयार झाली. ती चढवून गावकरी दवाखान्यात, दुकानात, घराच्या पडवीत बसले आणि फोटो झाले. २०१७ साली हे काम डॉक्युमेंटा या प्रदर्शनात लागले, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला. यात चेहरा झाकलेला आहे, म्हणूनच त्याच्यावर शेरा मारता येत नाही. काय दाखवायचे हे मुखवटा घडवणाराही ठरवतो. कलावंत एकच उरत नाही, आणि भावांची नावे कामाशी जोडलेली राहतात. पडदेवाल्याची रीत इथे कलादालनात शिरली, असे मी म्हणेन.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला दरवर्षी कॅमेऱ्यांची गर्दी वाढते आहे. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला सुके भोपळे असा होळीत नाचणारा बुध्या दिसला की शंभर लेन्सा त्याच्याकडे वळतात. आपणही जाणार असाल तर आधी त्याला विचारा, त्याचे आणि त्याच्या पाड्याचे नाव लिहून घ्या, आणि छापलेली एक प्रत त्याच्या घरी पोचती करा.