पश्चिम भारतातील विवाह-छायाचित्रणाचा प्रारंभकाळ : मुहूर्त, काच आणि उमेदवार

जुन्या घरांच्या माजघरात किंवा ओटीवर लग्नाचे म्हणून जे छायाचित्र लावलेले असते, ते बारकाईने पाहिले असता एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. वर खुर्चीवर बसलेला असतो, वधू शेजारी उभी असते, मागे रंगविलेला पडदा आणि बाजूला एखादी तिवई असते. अंतरपाट, कन्यादान, होम, सप्तपदी यांपैकी काहीही त्यात नसते. विवाहाची म्हणून जपलेली ही चित्रे वस्तुतः विवाहानंतरची आहेत. या उणिवेचे कारण सामान्यतः समाजाच्या सनातनी वृत्तीत शोधले जाते : मंडपात परक्या माणसाचा वावर नको, स्त्रियांची तसबीर नको, इत्यादी. हे कारण खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे. धंदा शिकू पाहणारा उमेदवार पहिल्यावहिल्या लग्नाला यंत्र घेऊन गेला, तेव्हा त्याची गाठ प्रथम पडली ती सूर्याशी आणि हळदीशी. लोकमताची अडचण त्यानंतरची.

छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली व अल्पावधीतच हिंदुस्थानच्या बंदरांत पोहोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. तिच्या आरंभीच्या कार्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ सामील होते. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत या विषयाचा वर्ग निघाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे धंदा म्हणून छायाचित्रण करणाऱ्या आद्य भारतीयांपैकी एक होत. याच सुमारास फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केलेली ओल्या कलोडियनची पद्धत सर्वत्र रूढ होत होती. विवाह-छायाचित्रणाचा विचार या पद्धतीपासूनच आरंभिला पाहिजे.

या पद्धतीत काच आधी घासूनपुसून निर्मळ करावयाची, तिच्यावर कलोडियनचा द्राव सारखा ओतावयाचा, ती रौप्य नत्राच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच यंत्रात घालावयाची आणि ओली असतानाच उजळावयाची. हे सर्व दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. आपल्याकडील उन्हाळ्यात अवधी त्याहून कमी. लग्नसराई ऐन उन्हाळ्यातली, हे येथे विसरून चालणार नाही. म्हणजे छायाचित्रकाराला काळोखी राहुटी, द्रावणाच्या बाटल्या, स्वच्छ पाणी आणि तिकाटणे एवढा संसार मंडपाच्या दाराशी मांडणे भाग होते. रौप्य नत्राचा थेंब लागला की कातडी काळी पडते व डाग कित्येक दिवस निघत नाही. ज्या घरी काळे वस्त्र वर्ज्य, त्या घरी काळ्या बोटांचा आणि डोक्यावर काळे फडके घेणारा माणूस शुभ वाटला नसेल, तर त्यात नवल नाही.

खरी अडचण मुहूर्ताची. महाराष्ट्रात गोरज मुहूर्त विशेष प्रशस्त मानला जात असे. गाई रानातून परततात, त्यांच्या खुरांची धूळ उडते आणि सूर्य क्षितिजाला टेकतो, ती ही वेळ. घटिकापात्र बुडाले की मंगलाष्टके संपली पाहिजेत व अंतरपाट दूर झाला पाहिजे. ओल्या काचेला मात्र नेमकी हीच वेळ प्रतिकूल. कलोडियनची काच निळ्या व जांभळ्या किरणांनाच प्रतिसाद देते. मावळतीच्या तांबूस प्रकाशात ती जवळजवळ आंधळीच असते. भरदिवसा उघड्यावर जेथे काही सेकंद पुरत, तेथे गोरजाच्या वेळी मंडपाच्या छताखाली मिनिटेही पुरली नसती. मुहूर्त पुढे ढकलता येत नाही आणि सूर्य मागे आणता येत नाही. तेव्हा उमेदवारापुढे मार्ग एकच राहिला : दुसऱ्या दिवशी सकाळी वधूवरांना अंगणात किंवा दुकानाच्या काचेच्या छपराखाली बोलावणे. भिंतीवरील त्या खुर्चीचे आणि पडद्याचे मूळ बव्हंशी येथे आहे. पारशी समाजातही विवाह सूर्यास्ताच्या सुमारास लावण्याचा प्रघात होता. मुंबईत छायाचित्रणाला लवकर व उदार आश्रय देणाऱ्यांत पारशी असूनही प्रत्यक्ष विधीची अडचण त्यांनाही तीच होती.

दुसरी अडचण रंगाची, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. उमेदवार शिकावयास लागला की पहिला धडा काळोख्या राहुटीत मिळे. राहुटीच्या झरोक्याला पिवळे किंवा नारिंगी कापड लावलेले असे, कारण पिवळ्या प्रकाशाने काच बिघडत नाही. काचेला पिवळे दिसत नाही, हा तो धडा. त्याचे दुसरे टोक त्याला वधूच्या चेहऱ्यावर सापडे. अंगाला हळद लागलेली, अंगावर पिवळी अष्टपुत्री, कपाळी कुंकू, हातांत हिरवा चुडा; मराठी वधूचा सारा साज काचेला न दिसणाऱ्या रंगांचा. उजळलेल्या चित्रात हळद काळवंडे, कुंकू कोळशाच्या टिकलीसारखे उमटे, तांबडा शालू आणि काळे मणी यांत भेद राहत नसे. उलट पारशी वधूचे शुभ्र वस्त्र आणि वराची पांढरी डगली काचेवर सुरेख उतरत. एकाच दुकानात, एकाच हाताने घेतलेल्या दोन समाजांच्या चित्रांत जो फरक दिसतो, तो सांपत्तिक स्थितीचा किंवा अभिरुचीचा आहे असे म्हणण्यापूर्वी रसायनाचा हिशेब केला पाहिजे. जुन्या छायाचित्रांवरून वधूच्या वर्णाविषयी अनुमाने काढणाऱ्यांनी तर हे अवश्य ध्यानी घ्यावे.

यावर उपाय काचेवरच करीत. उलट्या चित्रावर, चेहऱ्याच्या भागी बारीक पेन्सिलीने रेघा मारल्या की छापील प्रतीत तो भाग उजळ होई. प्रत निघाल्यावर तिच्यावर हाताने रंग भरीत : कुंकू पुन्हा तांबडे, काठ पुन्हा जरीचा. रंगविलेली छायाचित्रे हा भारतीय छायाचित्रणाचा एक विशेष मानला जातो व त्याचे नाते लघुचित्रांच्या परंपरेशी जोडले जाते. ते नाते असेलही. पण काचेने जे नाकारले ते परत मिळविण्याची गरजही त्यामागे होती. हेर्मान फोगेल याने १८७३ साली काचेला रंगद्रव्याने हिरवे-पिवळे दाखविण्याची युक्ती शोधली. तिने हळदीचा प्रश्न हळूहळू सुटला. कुंकवाचा सुटावयास विसावे शतक उजाडावे लागले, कारण तांबड्यासह सर्व रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या १९०६ मध्ये, आणि सामान्य धंदेवाइकाच्या हाती पोहोचावयास त्यांना आणखी काळ लागला.

स्थिर राहण्याचा प्रश्नही होताच. १८५८ साली राणी व्हिक्टोरियाच्या ज्येष्ठ कन्येच्या विवाहदिनी वधूचे आईबापांसह चित्र घेतले गेले. त्यात वधू स्पष्ट आहे, परंतु भावनावेगाने कापणाऱ्या राणीची आकृती धूसर उमटली आहे. साम्राज्याच्या स्वामिनीला जे साधले नाही, ते आठ-दहा वर्षांच्या मुलीला साधावे अशी अपेक्षा आपल्याकडील छायाचित्रकाराला करावी लागे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले; त्यापूर्वीच्या चित्रांत वधूचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट ठेवलेला दिसतो, त्याचा अर्थ केवळ शालीनतेचा लावणे योग्य नव्हे. तो हात टेकलेला आहे, हेही खरे.

लोकसमजुतींचा अडथळा येथे संक्षेपाने नोंदविणे पुरे. यंत्र माणसाचे तेज शोषून घेते ही भीती दीर्घकाळ टिकली. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्रा येथे छायाचित्रणाचा धंदा केला, पुढे बडोद्यास तोच प्रयत्न केला, तेव्हा त्यांनाही ती नडली. पडद्याची चाल कडक होती तेथे लाला दीनदयाळ यांनी निराळा मार्ग काढला : १८९२ साली हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी चित्रशाळा उघडून तिची व्यवस्था एका इंग्रज बाईकडे दिली. विवाहविधी मात्र या चित्रशाळेच्याही बाहेरच राहिला.

मंडपात प्रवेश मिळाला तो दोन शोधांमुळे. रिचर्ड मॅडॉक्स याने १८७१ साली सुचविलेल्या कोरड्या काचा त्या दशकाच्या अखेरीस तयार मिळू लागल्या. राहुटी घरी राहिली आणि अवधी सेकंदाच्या अंशावर आला. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची भुकटी इतर दाहक द्रव्यांत मिसळून क्षणात पेटविण्याची पद्धत निघाली. आता गोरजालाही चित्र घेणे शक्य झाले. पण कोणत्या किमतीला! तबकात भुकटी पसरून ते डोक्यावर धरण्याचे काम स्वाभाविकपणे सर्वांत कनिष्ठ माणसाकडे, म्हणजे उमेदवाराकडे येई. भुकटी ओलसर असली तर पेटत नसे. मात्रा चुकली तर भुवया जळत. वर कापडी छत, आंब्याच्या पानांची तोरणे, भोवती जरीच्या पदरांची दाटी. एकदा भडका उडाला की पांढरा धूर मंडपात भरे आणि तो निवळेपर्यंत दुसरे चित्र घेता येत नसे. अंतरपाट सुटतो तो क्षण एकच; त्याच क्षणी अक्षतांचा वर्षाव होतो, वाजंत्री वाजते, आणि दोन्ही बाजूंचे मामा नेमके यंत्राच्या आड येतात. शेवटच्या मंगलाष्टकातील ‘सावधान’ हा शब्द भटजींनी वधूवरांना उद्देशून उच्चारलेला असला, तरी तबक धरणाऱ्या मुलाइतका तो कोणीच मनावर घेत नसावा.

१९२९-३० च्या सुमारास काचेच्या फुग्यात बंद असलेला दीप आला आणि धूर गेला. हा दीप एकदाच पेटे, लगेच बदलावा लागे, व उतरवताना बोटे भाजत. त्याचे गणितही उमेदवाराला चुकांतूनच शिकावे लागले : अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. म्हणून पहिल्या प्रयत्नात पुढे बसलेली करवली पांढरीफटक आणि मागची वधू अंधारात, असे चित्र हाती येई. त्याच काळात प्रचारात आलेल्या चौकोनी चित्रांच्या यंत्रांत एका गुंडाळीवर बारा चित्रे बसत. स्वातंत्र्यानंतरही फिल्म परदेशातूनच येई. उटकमंड येथील सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला, तरी त्याचे उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले. तोवर बारा चित्रे म्हणजे बाराच, आणि त्यांत लग्न बसवावयाचे.

या बारांच्या हिशेबाने विधीलाही वळण लावले. हार घालणारा हात मध्येच थांबू लागला. वधूवर एकमेकांकडे न पाहता यंत्राकडे पाहू लागले. कधी घातलेला हार काढून पुन्हा घातला जाऊ लागला. मुहूर्तापुढे हतबल असलेल्या छायाचित्रकाराच्या शब्दावर मंडप थांबू लागला, हे सत्तेचे स्थित्यंतर लहान नाही. मंगलाष्टके चालू असता मात्र तो कोणाला थांबवू शकत नसे. ती सीमा टिकली.

या निवडीला पुढे एक अनपेक्षित महत्त्व आले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, ज्या पक्षांच्या रूढीत सप्तपदी आहे त्यांचा विवाह सातवे पाऊल पडताच पूर्ण व बंधनकारक होतो. १९६५ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका द्विभार्या-खटल्यात, होम व सप्तपदी हे आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध न झाल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. फसविल्या गेलेल्या स्त्रीच्या दृष्टीने पाहता, हार घातल्याचे चित्र तिच्यापाशी असून भागत नव्हते. पावलांचा पुरावा हवा होता. सप्तपदी तर अंतरपाटानंतर, होमाच्या धुरात, जमिनीलगत होते, आणि त्या वेळी बहुतेक पाहुणे पंगतीकडे वळलेले असतात. यजमानांचा आग्रह पंगतीचे चित्र घेण्याचा. बारांपैकी दोन-तीन चित्रे उरलेली, खिशात तितकेच दीप. आणि नवखा उमेदवार होमापाशी बसलेल्या मोजक्या माणसांना तिथेच सोडून वाढप्यांच्या मागून पंगतीकडे निघालेला असे.