फोटोतला डाग

"छातीच्या फोटोत डाग आला" असे म्हणताना नांदेड-लातूरकडच्या घरांत आवाज आपोआप खाली येतो. डाग म्हणजे टीबी, हे इथले जुने समीकरण. अलीकडे त्यात कॅन्सरची भीती मिसळली आहे. खरे तर फोटोतला डाग ही नुसती सावली असते. क्ष-किरणांच्या वाटेत काहीतरी घट्ट आले, एवढेच ती सांगते. काय आले, ते सांगत नाही. ही साधी गोष्ट पचनी पडायला वैद्यकाला बराच काळ लागला.

क्षयाचा जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉखने 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले. राँटगेनला क्ष-किरण सापडले नोव्हेंबर 1895 मध्ये. म्हणजे कारण आधी कळले आणि जिवंत माणसाच्या छातीत डोकावण्याची खिडकी नंतर उघडली. औषध मात्र 1943 साली स्ट्रेप्टोमायसिन सापडेपर्यंत नव्हते. तोवर विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न हाच उपचार, आणि तो शक्यतो आरोग्यधामात राहून घ्यायचा.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. नांदेड 1900 च्या सुमारास रेल्वेने हैदराबादशी जोडले गेले, त्यामुळे मोठ्या दवाखान्याची वाट म्हणजे हैदराबादची वाट. लातूरला आणखी एक वाट होती. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी 1911 मध्ये लातूरला पोचली आणि त्याच रुळांचे दुसरे टोक 1927 साली मिरजेला. मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते. लातूरच्या रोग्याला कुर्डुवाडी, पंढरपूर करत त्या एकाच अरुंद रुळावरून तिथवर जाता येई. अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. ज्याला एवढा प्रवास आणि महिनोन्‌महिन्यांचा मुक्काम परवडत नसे, तो घरीच खाटेवर पडे.

स्वातंत्र्यानंतर 1955 ते 1958 या काळात देशात क्षयाची मोठी नमुना पाहणी झाली. गावोगावी लोकांच्या छातीचे छोटे फोटो काढले, संशयितांची थुंकी तपासली. पाहणीच्या विभागांत हैदराबादही होते. फोटोवरून क्षय वाटावा अशी माणसे हजारी 13 ते 25 निघाली, तर थुंकीत जंतू सापडलेली हजारी 2 ते 8. डाग आणि जंतू यांचा मेळ बसेना. त्याच सुमारास परदेशांतही लक्षात आले होते की एकच फोटो दोन तज्ज्ञ वेगवेगळा वाचतात, आणि तोच तज्ज्ञ काही दिवसांनी तोच फोटो पाहून स्वतःचेच मत बदलतो! म्हणून 1962 च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने थुंकीला पहिले स्थान दिले. औषधे घरी राहून घेतली तरी आरोग्यधामाइतकाच गुण येतो, हे मद्रासच्या संशोधकांनी 1959 मध्ये दाखवले होते. मिरजेपर्यंत जाण्याची गरज त्यामुळेच संपली.

पण एक पेच उरला. थुंकीत जंतू नाहीत आणि फोटोत डाग आहे, अशा माणसाचे काय करायचे? क्षय भरपूर असलेल्या भागात याला एक सोपे उत्तर रूढ झाले: टीबीची औषधे देऊन बघू. पुष्कळांना गुण आला, हे खरे. मात्र काहींची गाठ क्षयाची नव्हती.

फुप्फुसाच्या कर्करोगाची कथा दुसऱ्या वाटेने आली. अमेरिकेत सेंट लुईस येथे एव्हर्ट्स ग्रॅहॅम या शल्यविशारदाने 1933 साली कर्करोग झालेले एक अख्खे फुप्फुस काढले आणि रोगी जगला. तो रोगी स्वतः डॉक्टर होता आणि पुढे तीस वर्षे जगला. ग्रॅहॅम बरीच वर्षे भरपूर सिगारेट ओढत असत. 1957 मध्ये ते याच रोगाने गेले. तंबाखू आणि हा रोग यांचा संबंध 1950 साली इंग्लंडात डॉल व हिल यांनी, आणि अमेरिकेत खुद्द ग्रॅहॅम व त्यांचा सहकारी विंडर यांनी दाखवला. आपल्याकडे सिगारेटच्या जागी बिडी घ्यावी, चुलीचा धूरही धरावा. पण कधीच न ओढणाऱ्यांनाही हा रोग होतो.

मग नाण्याएवढी गोल सावली दिसली की छाती उघडून ती काढण्याची चाल तिकडे पडली. काढलेल्या गाठींत पुष्कळ गाठी क्षयाच्या किंवा बुरशीच्या जुन्या खुणा निघाल्या. शरीराने जंतूंभोवती भिंत बांधलेली, त्यात चुना साठलेला. या अनुभवातून 1950 च्या दशकात एक नियम पुढे आला, आणि तो आम्हाला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा नियम वाटतो: जुना फोटो शोधा. भरीव गाठ दोन वर्षे जराही वाढली नसेल, तर ती बहुधा निरुपद्रवी. धुरकट दिसणाऱ्या गाठींवर मात्र याहून बराच जास्त काळ नजर ठेवावी लागते.

वाढीचे गणित वर्गात करण्याजोगे आहे. 8 मिलिमीटरची गाठ 10 मिलिमीटरची झाली, तर "दोनच मिलिमीटर" वाटतात. पण गोलाचे आकारमान व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. 8 चा घन 512, 10 चा 1000. गाठ जवळजवळ दुप्पट झाली! कर्करोगाची गाठ दुप्पट व्हायला साधारणपणे महिन्यापासून वर्षभरापर्यंतचा काळ लागतो. समजा एखादी तीन महिन्यांत दुप्पट होते. टीबीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा. "देऊन बघू" म्हणताना एवढ्या काळात ती चौपट झालेली असेल, आणि कदाचित शस्त्रक्रियेने काढण्याची वेळ निघून गेलेली असेल.

सी. टी. स्कॅन 1971 मध्ये लंडनला सुरू झाले आणि साध्या फोटोत न दिसणाऱ्या चार-पाच मिलिमीटरच्या गाठीही दिसू लागल्या. प्रश्न सुटायच्या ऐवजी वाढले, कारण तीन सेंटिमीटरपर्यंतच्या या गाठींतल्या, डॉक्टरांच्या भाषेत नोड्यूलमधल्या, बहुसंख्य निरुपद्रवी असतात. अगदी लहान गाठीसाठी ठरावीक काळाने पुन्हा स्कॅन करतात किंवा तेही करत नाहीत. मोठी, काटेरी कडांची, वाढणारी गाठ असेल तर सुईने किंवा दुर्बिणीतून तुकडा काढून तपासतात. पेट स्कॅनमध्ये कर्करोग चमकतो, पण क्षयही चमकतो. पाश्चात्त्य पुस्तकातला नियम मराठवाड्यात जसाच्या तसा चालत नाही, तो इथे. तुकड्यात क्षय निघाला तर औषधे. लवकर सापडलेला कर्करोग निघाला तर फुप्फुसाचा तेवढा भाग काढतात, शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर किरणोपचार देतात.

आता नांदेडला 1988 पासून आणि लातूरला 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सी. टी. यंत्रे दोन्ही शहरांत आहेत, आणि थुंकीतला जंतू त्याच्या जनुकांवरून दोन तासांत ओळखणारी चाचणीही आली आहे. मिळत नाही तो बऱ्याचदा जुना फोटो. ती काळी फिल्म ट्रंकेच्या तळाशी चुरगळते, नाहीतर ग्रहणाच्या दिवशी मुलांच्या हाती लागते. त्या फिल्ममधून सूर्य पाहू नये हे आपण वर्गात सांगतोच. ती घरी परत जाऊन, तारखेसह, जागेवर ठेवली गेली का, हेही त्या दिवशी विचारता येईल.