बंद पडलेल्या जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन आणि सुट्या भागांचा शोध

अनेक वर्षे गॅरेजमध्ये, अंगणात किंवा वाड्याच्या पडवीत उभी राहिलेली जुनी मोटार पुन्हा चालू करता येते. मात्र तिचे सर्वाधिक नुकसान बहुधा बंद असण्याच्या काळात न होता, ती चालू करण्याच्या पहिल्या घाईत होते. नवी बॅटरी जोडून लगेच सेल्फ मारणे आणि जुने भाग काढून फेकून देणे, या दोन चुका टाळल्यास बहुतेक गाड्या वाचू शकतात. भारतात मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या फियाट ११००, प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बेसेडर या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून या कामाची माहिती येथे दिली आहे.

भारतीय बनावटीच्या जुन्या गाड्या

वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथे इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने मोटारी तयार केल्या. १९५० च्या दशकातील गोलसर बांध्याच्या फियाट ११०० ला महाराष्ट्रात ‘डुक्कर फियाट’ असे नाव पडले. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली आणि १९७० च्या दशकाच्या मध्यात हीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन आणि स्टिअरिंगजवळील गिअर दांडा ही तिची ओळख होती.

पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीवर आधारित ॲम्बेसेडरचे उत्पादन १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केले. ते २०१४ मध्ये थांबले. ट्रायम्फ हेराल्डवर आधारित स्टँडर्ड हेराल्ड ही गाडी तत्कालीन मद्रास येथे १९६१ पासून तयार होत असे.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे पद्मिनीच्या सुट्या भागांना अनेक दशके नियमित मागणी होती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सींसाठी असलेली २० वर्षांची मुदत संपल्याने ती २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली. त्यामुळे सुट्या भागांसाठी आता मुख्यतः खासगी मालकांच्या मागणीवर अवलंबून राहावे लागते. जपून ठेवलेल्या प्रत्येक जुन्या भागाचे मोल त्यामुळे वाढले आहे.

प्रथम तपासणी

काम सुरू करण्यापूर्वी गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळतात किंवा नाही, हे पाहावे. क्रमांकांत तफावत असल्यास दुरुस्तीवर खर्च करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे हिताचे ठरते.

त्यानंतर पत्र्याची पाहणी करावी. फियाट ११०० आणि ॲम्बेसेडर या गाड्यांना स्वतंत्र चेसिस नसून गाडीचा सांगाडा आणि पत्रा एकसंध असतो. त्यामुळे पायाखालचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या आणि मागील पाटे जेथे जोडलेले असतात त्या जागा गंजल्या असल्यास प्रश्न केवळ दिसण्यापुरता राहत नाही, तर गाडीची मजबुती धोक्यात येते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाड्यांत हा दोष विशेष आढळतो. बॉनेटखाली, सीटमध्ये आणि एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घरटे केले आहे काय आणि वायरी कुरतडल्या आहेत काय, हेही पाहावे.

इंजिन फिरवण्यापूर्वी

दीर्घकाळ बंद असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवरील तेल निथळून गेलेले असते आणि पिस्टन रिंगा गंजून चिकटलेल्या असू शकतात. अशा स्थितीत सेल्फ मारल्यास रिंगा तुटतात किंवा सिलिंडरवर ओरखडे पडतात. म्हणून प्रथम चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ तेल सोडावे आणि एक-दोन दिवस थांबावे. नंतर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहावे. ज्या गाड्यांना हँडलची सोय आहे, त्यांत हँडल वापरता येते.

इंजिन फिरत नसल्यास बळाचा वापर करू नये. गंज सोडवणारे तेल घालून काही दिवस वाट पाहावी. तरीही यश न आल्यास हेड उतरवणे हाच सुरक्षित मार्ग होय. इंजिन फिरत असल्यास वरचे झाकण काढून सर्व व्हॉल्व्ह वर-खाली होतात याची खात्री करावी. अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे पुश रॉड वाकू शकतो.

जुने तेल पूर्ण काढून नवे तेल आणि नवा फिल्टर घालावा. त्यानंतर प्लग न बसवता सेल्फने इंजिन थोडा वेळ फिरवावे. तेलाचा दाब तयार होऊन दर्शक दिवा विझल्याखेरीज इंजिन सुरू करू नये.

इंधन, विद्युत आणि शीतन व्यवस्था

टाकीतील जुने पेट्रोल निरुपयोगी झालेले असते. त्याचा वार्निशसारखा उग्र वास येतो आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकट थर साचतो. टाकी उतरवून आतील गंज साफ करून घ्यावा. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ शिल्लक राहते, म्हणून तिला झाळकाम करण्याचे काम या विषयातील जाणकार कारागिराकडेच सोपवावे. पेट्रोल पंपाचा पडदा, रबरी नळ्या आणि कार्बोरेटरच्या गॅस्केट बदलाव्यात.

देशात २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा वापर सर्वत्र रूढ झाला. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबरावर त्याचा विपरीत परिणाम होतो. म्हणून नव्या नळ्या आणि सील इथेनॉलला टिकणारेच घ्यावेत आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असल्यास कार्बोरेटर रिकामा करावा. शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाली. काही जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठकीची झीज रोखण्यास हे शिसे उपयोगी पडत असे. हेड उतरवण्याची वेळ आलीच, तर त्याच वेळी मशीन शॉपमधून कठीण धातूच्या बैठका बसवून घेता येतात.

विद्युत व्यवस्थेत कॉइल, कंडेन्सर, प्लग आणि डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट तपासावेत. पॉइंटवर चढलेला गंज बारीक पॉलिश पेपरने काढून त्यांतील अंतर गाडीच्या पुस्तिकेनुसार ठेवावे. वायरींचे आवरण तडकले असल्यास संपूर्ण वायरिंग बदलणे श्रेयस्कर, कारण जुन्या गाड्यांना लागणाऱ्या आगींचे ते एक प्रमुख कारण आहे. काही जुन्या ब्रिटिश रचनेच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. बॅटरी जोडण्यापूर्वी ही बाब निश्चित करून घ्यावी.

रेडिएटर साफ करून सर्व होज पाइप बदलावेत. फियाट ११०० च्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे असते. केवळ साधे पाणी वापरल्यास ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून गंजरोधक कूलंट वापरणे योग्य ठरते.

ब्रेक आणि टायर

गाडी चालू होणे आणि गाडी चालवण्यायोग्य होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात ब्रेकची दुरुस्ती लांबणीवर टाकणे प्राणावर बेतू शकते. १९६० च्या दशकातील बहुतेक गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकसाठी ऑईलची एकच वाहिनी असते. एका चाकाजवळ गळती झाली, तरी चारही ब्रेक एकाच वेळी निकामी होतात.

ब्रेक ऑईल ओलावा शोषून घेते, त्यामुळे मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. हे सर्व भाग उघडून साफ करावेत, रबर किट नवे घालावे आणि रबरी ब्रेक होज बाहेरून चांगले दिसत असले तरी बदलावेत. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑईल किंवा तत्सम खनिज तेल कधीही घालू नये. त्यामुळे रबर फुगते आणि ब्रेक जाम होतात. हँडब्रेक स्वतंत्रपणे काम करतो, याचीही खात्री करून घ्यावी.

टायरवरील नक्षी शाबूत असली, तरी रबर कालांतराने कडक होते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. त्यांपैकी पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दर्शवतात. उदाहरणार्थ, ३२१४ याचा अर्थ २०१४ या वर्षातील ३२ वा आठवडा. १० वर्षांहून जुने टायर वापरू नयेत.

पहिल्यांदा सुरू करताना

गाडी मोकळ्या हवेत उभी करून चाकांना उटी लावावी आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवावा. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतण्याची पद्धत धोकादायक आहे. त्याऐवजी पंपाद्वारे कार्बोरेटर भरू द्यावा. इंजिन सुरू झाल्यावर ते एकदम रेस न करता १५ ते २० मिनिटे मंद गतीने चालू द्यावे. तेलाचा दाब, पाण्याचे तापमान आणि गळती यांकडे या वेळी लक्ष ठेवावे. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर तेल पुन्हा बदलावे, कारण इतक्या वर्षांचा साचलेला गाळ त्यात उतरतो.

सुटे भाग कोठे मिळतात

जुन्या गाड्यांचे भाग तीन मार्गांनी मिळतात. पहिला मार्ग म्हणजे कंपनीचे, परंतु न विकले गेलेले जुने साठे. दुसरा म्हणजे मोडीत निघालेल्या गाड्या. तिसरा मार्ग जुना भाग दुरुस्त करण्याचा किंवा नमुन्यावरून नवा घडवण्याचा.

मुंबईत ऑपेरा हाऊस परिसर आणि चोर बाजार, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत काश्मिरी गेट, कोलकात्यात मल्लिक बाजार, चेन्नईत पुदुपेट आणि बंगळुरूत जे. सी. रोड हे भाग वाहनांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहेत. लहान शहरांतील जुन्या दुकानांच्या माळ्यावरही न उघडलेली खोकी सापडतात. ॲम्बेसेडरच्या जुन्या १४८९ घनसेंटिमीटर इंजिनाचे कूळ ब्रिटनच्या बीएमसी ‘बी’ मालिकेचे असल्याने त्याचे काही भाग ब्रिटनमधून मागवता येतात. फियाट ११०० चे काही भाग इटलीत उपलब्ध होतात. मात्र भारतात नंतर झालेल्या बदलांमुळे मापे जुळवूनच मागणी नोंदवावी.

इंजिन, क्लच आणि ब्रेक यांचे भाग तुलनेने सहज मिळतात. दारांचे हँडल, दिव्यांच्या काचा, क्रोमच्या पट्ट्या, मीटर, बीडिंग रबर आणि पुढची वक्र काच मिळणे मात्र कठीण असते. म्हणून गाडी विकत घेताना इंजिन बंद असले तरी चालेल, परंतु या वस्तू पूर्ण असाव्यात.

दुरुस्ती की बदल

नवा भाग प्रत्यक्ष बसून चालू लागेपर्यंत जुना भाग टाकून देऊ नये, हा या कामातील पहिला नियम मानला जातो. जुना भाग हाच नव्याचा नमुना असतो. बेअरिंग आणि ऑईल सील यांवर बहुधा क्रमांक किंवा माप कोरलेले असते. ते प्रमाणित मापाचे असल्यास मोटारीच्या दुकानाऐवजी यंत्रसामग्रीच्या बेअरिंग विक्रेत्याकडेही मिळू शकतात.

अनेक भाग कारागिरांकडून पुन्हा उपयोगात आणता येतात. ब्रेक शूला नवे लायनर चिकटवणे, गंजलेल्या व्हील सिलिंडरमध्ये स्लीव्ह बसवणे, डायनामो आणि सेल्फचे वाइंडिंग करणे, रेडिएटरची जाळी बदलणे, सिलिंडरचे बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन घालणे ही कामे अनेक शहरांत होतात. बुश आणि पिना लेथवर तयार होतात. रबरी भाग साच्यावरून घडवून घेता येतात.

खरेदीतील सावधगिरी

ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे भाग केवळ स्वस्त म्हणून घेऊ नयेत. बनावट भागांचा धोका येथे सर्वाधिक असतो. वापरलेल्या भागांची पावती आग्रहाने मागावी. चोरीच्या गाड्यांचे भाग विकले जात असल्याच्या कारणावरून उत्तर प्रदेशातील मेरठ येथील सोतीगंज बाजारावर २०२१ मध्ये पोलिसांनी कारवाई केली होती. क्रमांक खोडलेले इंजिन कोणत्याही किमतीला घेऊ नये.

नोंदणीचे नियम

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, खासगी वापराची दुचाकी आणि चारचाकी वाहने व्हिंटेज मानली जातात. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क ठरवण्यात आले. नोंदणीची मुदत १० वर्षांची आहे. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात, तर पूर्वी नोंदलेल्या वाहनाला मूळ क्रमांक कायम ठेवता येतो. अशी वाहने प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, तसेच इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येतात. नित्याच्या किंवा व्यावसायिक वापराला त्यांत परवानगी नाही.

या नियमांतील एक अट मालकांनी विशेष लक्षात घ्यावी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल केलेले वाहन या व्याख्येत बसत नाही. मूळ इंजिन काढून आधुनिक डिझेल इंजिन बसवलेली गाडी चालेल, परंतु तिला व्हिंटेज दर्जा मिळणे अवघड होईल. १९७० च्या दशकातील गाड्याही आता ५० वर्षांचा टप्पा ओलांडू लागल्या आहेत. त्यामुळे आज दुरुस्तीत घेतलेल्या निर्णयावर गाडीचा पुढील कायदेशीर दर्जा अवलंबून राहील.

५० वर्षे पूर्ण न झालेल्या खासगी गाड्यांना १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणीसह नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. दिल्ली परिसरात जुन्या वाहनांवर वेगळे निर्बंध लागू झाले असून त्यांबाबत न्यायालयाचे आदेश वेळोवेळी बदलले आहेत. म्हणून दुसऱ्या राज्यातून गाडी विकत घेण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयाकडून प्रचलित नियमांची माहिती घेणे आवश्यक आहे.

ब्रेक आणि वायरिंग प्रथम, इंजिन त्यानंतर आणि रंगकाम सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवल्यास खर्च आटोक्यात राहतो. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपून ठेवल्यास पुढील दुरुस्तीही सोपी होते.