हुंडेकरी ते ट्रान्सपोर्टर : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्याच्या संदर्भात मालवाहतुकीच्या जबाबदारीचा इतिहास

१

जुन्या मराठीत ‘हुंडेकरी’ असा एक शब्द होता. आज तो बहुधा आडनावापुरताच उरला आहे. मोल्सवर्थच्या कोशात नोंदलेल्या या शब्दाचा अर्थ, ठरीव एकरकमी मोबदल्यात माल मुक्कामी पोचविण्याचा पत्कर घेणारा, असा आहे. भाडे, वाटेतील जकाती व इतर खर्च असा सारा भार त्या एका रकमेत, म्हणजे ‘हुंड्या’त, येत असे. व्यापाऱ्याला बैलवाल्याशी वा नाकेदाराशी स्वतंत्र व्यवहार करावा लागत नसे; त्याच्यापुढे उत्तरदायी माणूस एकच होता.

आज चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या मालामागे मात्र अनेक माणसे उभी असतात. बिल्टी एकाच्या नावाची, गाडी दुसऱ्याच्या मालकीची, चालक तिसराच, आणि विमा चौथ्याचा. एकाच पत्करात सामावलेली जबाबदारी विभागली कशी गेली आणि कायद्याने ती पुन्हा जुळविण्याचा प्रयत्न कोठवर केला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

पुणे व मुंबई यांना जोडणारा बोरघाटाचा गाडीरस्ता इ. स. १८३० मध्ये खुला झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी धावू लागली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, सार्वजनिक वाहकांविषयीचा कायदा झाला. त्याच्या प्रास्ताविकेत दोन उद्देश एकत्र आले आहेत : वाहकाला आपले दायित्व मर्यादित करता यावे, हा एक, आणि त्याच्या अथवा त्याच्या नोकरांच्या हयगयीने वा गुन्ह्याने झालेल्या हानीचे दायित्व घोषित व्हावे, हा दुसरा. या कायद्याच्या नवव्या कलमान्वये हानी झालेल्या मालधन्यास वाहकाची हयगय शाबीत करावी लागत नसे. माल हरवला वा बिघडला एवढे दाखविणे पुरे होते.

तथापि या तरतुदीचा लाभ, भेदाभेद न करता सर्वांचा माल नेणाऱ्या वाहकाच्याच बाबतीत मिळे. एकाच कारखान्याशी करार करून त्याचाच माल नेणारा वाहक १८७२ च्या करार कायद्याखाली निक्षेपग्राही ठरे. सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या मालाची घेईल तितकीच काळजी त्याने घ्यावी, एवढीच अपेक्षा होती. पुढे जेथे कारखाना व वाहतूकदार यांचे संबंध कराराने बांधले गेले, त्या पट्ट्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरतो.

३

१८६५ च्या कायद्याने मालाचा विचार केला. रस्त्यावरील माणसाचा विचार व्हावयास मोटार यावी लागली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ व्यक्तीसाठी विमा सक्तीचा केला, पण तो भाग प्रत्यक्षात १ जुलै १९४६ रोजी अमलात आला. म्हणजे मालाच्या संरक्षणानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी वाटसरूला विम्याचे संरक्षण लाभले. या कायद्यात मालगाडीच्या विम्याच्या दायित्वास कमाल मर्यादा होती. १९८८ च्या कायद्याने मृत्यू व शारीरिक इजा यांपुरती ती काढून टाकली.

याच काळात पिंपरीचे रूप पालटत होते. १९५४ मध्ये तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे आकुर्डीस बजाज ऑटो व पिंपरीस टेल्को आली. येथे ट्रकने माल जात होता, इतकेच नव्हे, तर ट्रकच बनू लागले. भोसरीच्या परिसरात सुट्या भागांचे लहान कारखाने वाढले आणि त्यांच्यापासून मोठ्या कारखान्यांपर्यंत टेम्पोंची अखंड ये-जा सुरू झाली.

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा त्याने घातली. पण पाच वा अधिक कामगार असलेल्या संस्थांनाच तो लागू होता. एक-दोन गाड्यांचा मालक, जो पुष्कळदा स्वतःच चालक असतो, तो या मर्यादेच्या बाहेरच राहिला. हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आला आहे. चालकाचा थकवा हा सुरक्षिततेचा मूळ प्रश्न असूनही कायद्याचा हात लहान मालकाच्या गाडीपर्यंत सर्वांत उशिरा पोचतो, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

४

चालकाच्या पात्रतेचा प्रश्न न्यायालयांपुढे विम्याच्या मार्गाने आला. चालकाकडे योग्य अनुज्ञप्ती, म्हणजे रूढ भाषेतील लायसन, नसेल तर विमा कंपनीस जबाबदारी नाकारता येई. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या स्कँडिया विमा कंपनीच्या खटल्यात, चालक इंजिन चालू ठेवून खाद्यपदार्थ आणावयास उतरला असता लायसन नसलेल्या क्लीनरने ट्रक हाकला आणि एका पादचाऱ्याचा जीव गेला. मालकाने स्वतः अट मोडली नव्हती, म्हणून कंपनीस सुटता येणार नाही, असा निर्णय झाला. २००४ च्या नॅशनल इन्शुरन्स कंपनीच्या खटल्यात हे तत्त्व अधिक स्पष्ट झाले : लायसनचा दोष नुसता दाखवून भागत नाही, मालकाची हयगय कंपनीने सिद्ध करावी लागते, आणि ती सिद्ध झाली तरी आधी भरपाई द्यावी व मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायाधिकरणास देता येतो.

६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, हलक्या वाहनाचे लायसन असणाऱ्यास ७,५०० किलोग्रॅमपेक्षा कमी एकूण वजनाचे व्यावसायिक वाहनही चालविता येईल, असे ठरविले. भोसरी-चाकणच्या टेम्पोचालकांच्या उपजीविकेशी या निर्णयाचा निकट संबंध आहे. लहान टेम्पोच्या अपघातात लायसनच्या प्रकाराचे निमित्त दाखवून भरपाई नाकारण्याची वाट त्याने अरुंद केली. मात्र लायसन म्हणजे कौशल्य नव्हे. रस्ता वाहतुकीच्या प्रशिक्षणासाठी भोसरीत १९६७ पासून केंद्रीय संस्था आहे. कागद तपासणे आणि चालक घडविणे ही दोन निराळी कामे आहेत, याचीच ती साक्ष म्हणावी लागेल.

५

कांद्याच्या बाजारासाठी ख्यात असलेले चाकण एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटार-उद्योगाचे केंद्र बनले. फोक्सवॅगनचा कारखाना तेथे २००९ मध्ये सुरू झाला. पुणे-नाशिक व तळेगाव-चाकण-शिक्रापूर हे दोन्ही मार्ग अवजड गाड्यांनी भरले. याच सुमारास १८६५ चा कायदा जाऊन २००७ चा रस्तामार्गे मालवाहतूक कायदा आला; तो १ मार्च २०११ पासून अमलात आहे. त्याने वाहकास नोंदणी सक्तीची केली, दलाल व कंत्राटदार यांनाही ‘वाहक’ या व्याख्येत आणले आणि नोंदणीपत्रातील वजनापेक्षा अधिक माल भरण्यास वाहकालाच मनाई केली.

दलालाला वाहक म्हणणे ही जुन्या हुंडेकऱ्याकडे परतण्याची पहिली पायरी होय. परंतु हे परतणे मालापुरतेच आहे. अपघातग्रस्ताच्या भरपाईचा भार सामान्यतः चालक, नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी यांच्यावरच पडतो. ज्याच्या बिल्टीवर माल निघाला तो वाहतूकदार आणि ज्याने माल पोचण्याची घटका ठरवून दिली तो कारखाना, हे दोघेही पुष्कळदा त्या साखळीबाहेर राहतात. कंपनीने दिलेली रक्कम मालकाकडून वसूल होते तेव्हा शेवटचा भार एका गाडीच्या मालकावर येऊन पडतो. गाडी किती वाजता पोचावी, चालकाला झोप केव्हा मिळावी, यांवर त्याचा अधिकार सर्वांत कमी असतो.

हुंडेकऱ्याच्या व्यवस्थेत मोबदला व पत्कर एकाच हाती होते. आजच्या व्यवस्थेत मोबदल्याचा मोठा वाटा वरच्या कड्यांत राहतो आणि जोखीम खालच्या कड्यांत उतरते. मालाच्या बाबतीत कायद्याने ही दरी काही अंशी बुजविली आहे. माणसाच्या बाबतीत ती बुजवावयाची, तर गाडीच्या नोंदणीबरोबरच गाडीच्या वेळापत्रकाचा मालक कोण, हाही प्रश्न कायद्याला विचारावा लागेल.