कराचा पैसा आणि शहराची सत्ता

शहराचा खजिना भरलेला असतो तेव्हा त्याची किल्ली कोणाच्या हाती आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. खजिना रिता झाला म्हणजे मात्र ती प्रत्येक करदात्याला आठवते. मुंबई शहराला निवडून दिलेल्या प्रतिनिधींचा कारभार मिळाला तो अशाच एका आठवणीतून. 1865 ते 1872 या सात वर्षांतील हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडून मिळणारा कापूस बंद झाला. गुजरात, खानदेश आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून सोन्याच्या भावाने जाऊ लागला. आलेल्या पैशाला वाट हवी होती; ती सट्ट्याने दाखविली. नित्य नव्या बँका आणि कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन काढू पाहणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार उठे आणि बसे. 1865 च्या वसंतात युद्ध थांबले, कापसाचा भाव कोसळला, आणि 1 जुलै 1865 रोजी वायद्यांचे देणे भागविण्याची वेळ आली तेव्हा कालचे लक्षाधीश दिवाळखोर ठरले. खुद्द बाँबे बँकेलाही 1868 साली आपला कारभार गुंडाळावा लागला. 1864 च्या शिरगणतीत शहराची वस्ती 8,16,562 होती. 1872 साली ती 6,44,405 भरली. घरे तीच राहिली, पण त्यांत भाडे देऊन राहणारी माणसे कमी झाली.

योगायोग असा की, याच 1865 साली मुंबईच्या नगरव्यवस्थेचा नवा कायदा अमलात आला. त्यापूर्वी तीन कमिशनर मिळून कारभार पाहत. तिघांत जबाबदारी वाटली गेल्यामुळे ती कोणावरच नीट पडत नसे. नव्या कायद्याने सारी कार्यकारी सत्ता एकाच म्युनिसिपल कमिशनराच्या हाती दिली. त्याच्यावर देखरेख ठेवायची ती ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणविणाऱ्या प्रतिष्ठितांच्या मंडळाने. हे जस्टिस सरकारने नेमलेले असत. घरपट्टी भरणाऱ्यांनी त्यांना निवडले नव्हते, म्हणून घरपट्टी भरणाऱ्यांना त्यांना जाबही विचारता येत नव्हता.

पहिला कमिशनर झाला आर्थर क्रॉफर्ड. कर्तबगार, धडाडीचा, आणि खर्चाच्या बाबतीत हात सैल असलेला असा हा अधिकारी. त्याच्यापुढची मुंबई धनाढ्य होती, परंतु स्वच्छ नव्हती. उघडी गटारे, अरुंद गल्ल्या आणि वर्षानुवर्षे पटकीचा फेरा हे तिचे नित्याचे रूप होते. क्रॉफर्डने रस्ते रुंद केले, गटारांची कामे काढली, कत्तलखाने वस्तीतून हलवून वांद्र्याला नेले. आरोग्याधिकारी डॉक्टर ह्यूलेट यांच्या साह्याने शहराच्या सफाईची घडी बसविली. पटकीचा जोर ओसरला. 1869 साली त्याच्या नावाची भव्य मंडई उभी राहिली. एवढे काम इतक्या थोड्या अवधीत त्या शहराने पूर्वी पाहिले नव्हते.

परंतु ही सारी कामे तेजीतल्या मुंबईला शोभणारी होती आणि त्यांचा पैसा मंदीतल्या मुंबईकडून वसूल होत होता. आटलेल्या उत्पन्नाकडे पाहून बेत आवरावेत, हे कमिशनराच्या स्वभावात नव्हते. खर्च उत्पन्नापुढे धावू लागला, कर्ज वाढत गेले. घरपट्टी, दिवाबत्ती, पोलीस, भंगीकाम, गाड्याघोडे आणि शहरात येणारा माल, अशा अनेक वाटांनी कराचा भार नागरिकांवर येत होता. ज्यांनी सट्ट्यात सर्वस्व गमावले होते, त्यांच्याजवळ बहुधा राहते घर तेवढे उरले होते. आणि पट्टीची मागणी येत होती ती नेमकी त्या घरावर.

1871 साली या असंतोषाचा स्फोट झाला. जस्टिसांच्या सभेत जेम्स फोर्ब्स या व्यापाऱ्याने कारभारावर कडाडून हल्ला चढविला. नवरोजी फर्दुनजींसारखे लोकपक्षाचे जुने कैवारी करदात्यांच्या बाजूने उभे राहिले. मंजुरीवाचून खर्च होतो, हिशेब वेळेवर पुढे येत नाहीत, आणि एका माणसाच्या मर्जीवर शहराची तिजोरी चालते, असा त्यांचा आक्षेप होता. तो निराधार नव्हता. एका व्यक्तीची सत्ता काढून ती नगरमंडळाकडे द्यावी, अशी मागणी पुढे आली. क्रॉफर्डला अधिकारपद सोडावे लागले.

येथवर ही कथा सरळ आहे. तिला निराळे वळण दिले ते नुकत्याच विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहता यांनी. 1871 च्या नोव्हेंबरात त्यांनी याच प्रश्नावर एक निबंध वाचला. क्रॉफर्डच्या कामामुळे शहर निरोगी झाले, हे त्यांनी संतप्त श्रोत्यांना ऐकविले. दोष एका कमिशनराचा खरा. पण त्याचे अंदाज संमत करणारे जस्टिस त्या वेळी कोठे होते? आणि त्या जस्टिसांना जाब कोण विचारणार होते? अधिकाऱ्याच्या जागी मंडळ बसविले तर जबाबदारी पुन्हा विखुरली जाईल, असे त्यांचे म्हणणे. काम करणारा एकच असावा, परंतु त्याच्यावर नियंत्रण ठेवणारी सभा करदात्यांनी निवडलेली असावी, हा त्यांचा उपाय होता. श्रोत्यांना हे भाषण रुचले नाही. संतापलेल्या माणसाला अपराधी हवा असतो. व्यवस्थेची चिकित्सा त्याला पळवाटेसारखी वाटते.

तरीही पुढे घडले ते पुष्कळसे मेहतांच्या विचाराच्या दिशेनेच. 1872 च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची महापालिका स्थापन झाली. सोळा सरकारने नेमावयाचे, सोळा जस्टिसांनी निवडावयाचे, आणि बत्तीस, म्हणजे निम्मे, करदात्यांनी. पैशाच्या व्यवहारावर नजर ठेवण्यासाठी बारा जणांचे नगरमंडळ नेमले गेले. कार्यकारी सत्ता कमिशनराकडेच राहिली, पण तिला लगाम बसला. 1888 च्या कायद्याने, ज्याच्या घडणीत मेहतांचा मोठा वाटा होता, ही रचना अधिक पक्की झाली. त्याच 1888 साली मध्य विभागाचा कमिशनर असलेल्या क्रॉफर्डवर लाचखोरीचे आरोप येऊन पुण्यात चौकशी बसली आणि त्याची सरकारी सेवा संपुष्टात आली. तरी त्या बदनामीमुळे मुंबईतील त्याच्या गटारांचे मोल कमी होत नाही, आणि गटारांच्या उपयोगामुळे बेहिशेबी खर्चाचे समर्थनही होत नाही.

या सुधारणेची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. 1872 साली मताचा हक्क मिळाला तो वर्षाला निदान पन्नास रुपये कर भरणाऱ्यांना. चाळीतला भाडेकरू भाड्यातून घरपट्टी भरत होता आणि बाजारातल्या जिनसांमागे जकातही सोसत होता. पण कारभाराच्या दृष्टीने तो करदाता नव्हता. सर्व प्रौढ नागरिकांच्या मताने मुंबईची निवडणूक व्हावयास 1948 साल उजाडावे लागले.

पुण्यातही मंडईचाच प्रश्न निघाला होता. तेथील नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी मोठ्या मंडईवरील खर्चाला विरोध केला. तो पैसा शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे मत होते. मंडई झालीच. पण निदान तो नकार सभेत, खर्च होण्यापूर्वी आणि सर्वांसमक्ष उच्चारला गेला. पुढे पुण्याच्या त्या मंडईला आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मंडईलाही फुल्यांचेच नाव दिले गेले. पैसा संपल्यावर उसळणारा रोष स्वाभाविक असतो. शहराचा बचाव मात्र पैसा असतानाच विचारलेल्या प्रश्नाने होतो.